युवक गटाचे ॲनिमेटर झालात? मग इथून सुरुवात करा

मिस्सा आटोपली, फादरांनी हाक मारली, "यंदा युवकांचं तुम्ही बघा," म्हणाले आणि नाही म्हणायला जीभ रेटली नाही. बहुतेकांच्या बाबतीत हे असंच होतं. प्रशिक्षण नाही, कामाची जुनी वही नाही. असलेच तर मागच्या वर्षीच्या हिशेबाचे दोन कागद आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात शुभ सकाळच्या फुलांखेरीज काही येत नाही. हा लेख अशा नव्या ॲनिमेटरसाठी, म्हणजे कॅथलिक चर्चच्या युवक गटाचं काम बघणाऱ्यासाठी आहे. गटात नुकत्याच आलेल्या सदस्यालाही तो चालेल, कारण पुढची पाळी बहुधा त्याचीच असते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कार्यक्रम कमी पडले म्हणून युवक गट बंद पडला असं क्वचितच होतं. कार्यक्रमांखाली दबून बंद पडलेले गट मात्र बरेच दिसतात. नाताळचा गोठा, खुर्च्या लावणं, मिरवणुकीत गर्दी आवरणं, वार्षिक स्पर्धा, की पुन्हा गोठा. धर्मग्रामाला (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाला) फुकटचे हात मिळतात, आणि ते हात ज्यांचे, त्यांना मनातलं बोलायला वर्षभर जागा मिळत नाही. मग दोन वर्षांत मुलं कॉलेजचं नाहीतर नोकरीचं कारण सांगून पांगतात. म्हणून खालच्या टप्प्यांत कार्यक्रम बरेच उशिरा येतात. मुद्दाम.

पहिला महिना: नुसतं ऐका

लूकच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य भेटतात. निराश होऊन यरुशलेम सोडून निघालेत. पुन्हा उठलेला येशू त्यांच्यासोबत चालू लागतो आणि आधी विचारतो, तुम्ही आपसात कशाविषयी बोलत होतात? ते सगळी निराशा ओकून टाकतात, तेवढा वेळ तो ऐकतो, आणि मग शास्त्रलेख उलगडतो. युवकांविषयी ऑक्टोबर २०१८ मध्ये भरलेल्या बिशपांच्या सिनडने, म्हणजे सभेने, आपला अंतिम दस्तऐवज याच प्रसंगावर उभा केला होता. तुमच्या कामाचा क्रमही हाच ठेवा.

गेल्या चार-पाच वर्षांत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेल्यांची नावं फादरांच्या परवानगीने कार्यालयातून घ्या. प्रत्येकाला वेगळं भेटा, वीस मिनिटं पुरतात. सध्या डोक्यात काय चाललंय, चर्चमध्ये आपण परके आहोत असं कधी वाटलं का, कशासाठी यावंसं वाटेल, एवढंच विचारा. उत्तर आवडलं नाही तरी वाद घालू नका. "मला मिस्सा कंटाळवाणी वाटते" असं कुणी म्हणालं तर लगेच मिस्साचं महत्त्व सांगायला बसू नका. नेमकं काय कंटाळवाणं वाटतं ते विचारा. यादीत यायचं सोडून दिलेल्यांची नावंही हवीत. खरी माहिती तेच देतात, कारण त्यांना कुणाला खूश करायचं नसतं.

याच महिन्यात फादरांशी एकदा निवांत बसा. धर्मग्रामाची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंची असते. गट हे स्वतंत्र संस्थान नव्हे, हे डोक्यात पक्कं असू द्या. पण मोकळेपणाने चार गोष्टी ठरवून घ्या: गटाने स्वतः काय ठरवायचं आणि कशाला विचारावं लागेल, हॉलची किल्ली कोणाकडे, फादर महिन्यातून किती वेळ देणार, आणि पॅरिश कौन्सिलमध्ये (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळात) युवकांचा प्रतिनिधी बसणार का. शेवटच्या मुद्द्यावर हळुवार हट्ट धरायला हरकत नाही. कौन्सिलमध्ये तुमचा माणूस नसेल तर युवकांना कुठे खुर्च्या लावायच्या हे तुमच्या गैरहजेरीत ठरतं.

वयाचंही ठरवा. २०१८च्या सिनडने १६ ते २९ हा टप्पा धरला होता. पण चौदा-पंधराची मुलं आणि पंचविशीतले नोकरदार एकाच बैठकीत बसवले की दोघेही गप्प होतात. अठराच्या खालचा आणि वरचा असे दोन गट करा. सेवा आणि मोठे सण एकत्र.

पहिल्या बैठकीआधी: सुरक्षितता

हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून नवे ॲनिमेटर तो पुढे ढकलतात. ढकलू नका. कॅनन कायद्यानुसार, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालची व्यक्ती अल्पवयीन असते, आणि तुमच्या धर्मप्रांताचं (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाचं) मुलांच्या संरक्षणाविषयीचं धोरण तुम्हाला लागू आहे. ते मागून घ्या, वाचा, सही करा. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या नियमांनुसार प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदवण्याची सहज पोहोचता येईल अशी सोय असावी लागते. ती कुठे आहे, फोन कोण उचलतं, हे तुम्हाला ठाऊक हवं आणि गटातल्या प्रत्येकालाही.

रोजच्या वापरातले नियम साधे आहेत. अल्पवयीन मुलांसोबत नेहमी दोन प्रौढ. बंद दारामागे एकट्याशी बोलणं नाही. बोलायचंच असेल तर इतरांना दिसेल अशा जागी. मुक्कामाच्या शिबिराला पालकांची लेखी संमती आणि मुला-मुलींच्या झोपण्याच्या खोल्या वेगळ्या, प्रौढांच्याही वेगळ्या. अल्पवयीनांना रात्री-बेरात्री खासगी मेसेज नाहीत, फादरांकडूनही नाहीत.

आणि एक वाक्य कधीही उच्चारू नका: "मी कुणालाही सांगणार नाही." पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूवर असते, ती मोडता येत नाही आणि ती फक्त त्या संस्कारापुरती असते. तुम्ही ॲनिमेटर आहात. एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल तर तुम्हाला तो योग्य व्यक्तीला सांगावाच लागेल, आणि देशाच्या कायद्यानेही तसं बंधन असू शकतं. त्यामुळे आधीच सांगा: "तू बोल. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र मला मदत मागावी लागेल." बहुतेक मुलं तरीही बोलतात.

पहिली बैठक

दीड तास. त्याहून एक मिनिटही जास्त नाही. वेळेवर संपणाऱ्या बैठकीला लोक पुन्हा येतात.

खुर्च्या गोल लावा. मधोमध एका छोट्या टेबलावर उघडं बायबल आणि मेणबत्ती. आल्याआल्या नाव विचारणारं दारात कुणीतरी असू द्या. नवीन माणसाची पहिली पाच मिनिटं फार अवघडलेली जातात. पहिली पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा. मग छोटी प्रार्थना आणि येत्या रविवारच्या शुभवर्तमानाचं वाचन. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान अधूनमधून. बैठकीत तेच वाचलं की रविवारी मिस्सात बसलेला मुलगा पहिल्यांदा कान टवकारतो, कारण हे त्याने आधी ऐकलेलं असतं. आणि तुमचा 'विषय काय घ्यायचा' हा दर आठवड्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

त्यानंतर चाळीस मिनिटं बोलणं. मोठ्या गोलात दोन-तीन जणच बोलतात, म्हणून तिघातिघांचे गट पाडा आणि शेवटी एकेक वाक्य सगळ्यांसमोर. नियम दोनच: दुसऱ्याचं तोडायचं नाही, आणि इथे सांगितलेली दुसऱ्याची गोष्ट बाहेर न्यायची नाही. तुम्ही स्वतः सर्वांत कमी बोला. शांतता पसरली तर ती भरून काढायची घाई नको, मनात वीस अंक मोजा. अकराव्या-बाराव्या अंकाला कुणीतरी बोलतंच. शेवटची दहा मिनिटं प्रार्थना आणि पुढची तारीख.

पहिल्या दिवशी पदाधिकारी निवडू नका. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव... ज्यांनी एकमेकांची नावंही अजून नीट ऐकली नाहीत त्यांच्यात निवडणूक लावली की पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. पद तीन महिन्यांनी. तोवर कोण न सांगता खोली आवरतं ते बघा.

सहा जण आले तर सहा. ख्रिस्ताने बारा निवडले होते आणि त्यांतही गळती झाली.

प्रार्थना शिकवावी लागते

धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेल्या प्रार्थना सगळ्यांना येतात. स्वतःच्या शब्दांत देवाशी बोला म्हटलं की मात्र डोळे जमिनीकडे. ही लाज समजून घ्या आणि दोन-तीन पद्धती सावकाश शिकवा.

सर्वांत भरवशाची पद्धत मठांतून आलेली आहे, लेक्शियो दिविना. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. गटात ती अशी चालते. एक उतारा एकजण सावकाश वाचतो. दोन मिनिटं शांतता, मग ज्याला जो शब्द भिडला तो त्याने नुसता उच्चारायचा, स्पष्टीकरण नाही. पुन्हा वाचन. आता प्रत्येकाने एका वाक्यात: हे माझ्या या आठवड्याशी कुठे जुळतं? तिसऱ्या वाचनानंतर देवाला उद्देशून एखादं वाक्य, मोठ्याने किंवा मनात. मग काही न बोलता बसणं. पहिल्या खेपेला हसू फुटेल. फुटू द्या. सुरुवातीला मार्क १०:१७-३१ मधला श्रीमंत माणूस, योहान ४ मधली शोमरोनी स्त्री किंवा १३९वं स्तोत्र घ्या. पौलाची पत्रं नंतर.

घरी करायला संत इग्नेशियस यांचं दिवसाचं परीक्षण द्या. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं: आज कशाबद्दल आभार मानू, पवित्र आत्म्याकडे उजेड मागू, दिवस सकाळपासून नजरेखालून घालू, कुठे चुकलो त्याची क्षमा मागू, उद्याचं एक पाऊल ठरवू. फोन हातात घेऊनही करता येतं. अलार्म लावतातच की तेव्हा.

महिन्यातून एकदा पवित्र साक्रामेंताची (मिस्सात अर्पण झालेल्या पवित्र भाकरीची) आराधना ठेवा आणि तिच्यात शांतता ठेवा. गिटार, माईक, भावनेने भरलेलं निवेदन यांनी तासभर भारून टाकणारी आराधना मुलांना आवडते हे खरं, पण दुसऱ्या दिवशी एकट्याने चर्चमध्ये बसायची सवय तिने लागत नाही, असं माझं मत आहे. दोन गाणी, एक वाचन, बाकी मौन. त्याच वेळी फादर पापनिवेदनाला बसले तर उत्तम. वर्षानुवर्षं न गेलेली मुलंही अशा वेळी उठून जातात, कारण रांगेत त्यांच्याकडे कुणी बघत नसतं. कसं सुरू करायचं हे आठवत नसेल तर फादरांना तसं सांगितलं की ते मदत करतात, हे आधी जाहीर करून टाका.

अवघड प्रश्न

इथे गटाचा कस लागतो. बोलायला जागा दिली की प्रश्न येणार आणि त्यांतले निम्मे तुम्हाला घाम फोडणार.

आधी एक पद्धत. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांमध्ये काम करताना ती रुजवली: पाहा, पारखा, कृती करा. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१च्या आपल्या परिपत्रकात तिची शिफारस केली. समजा, विषय फोनचा आहे. पाहा: प्रत्येकाने आपल्या फोनवरचा आठवड्याचा वेळ उघडून बघायचा, दाखवायची सक्ती नाही. हात फोनकडे कधी जातो, कंटाळा आल्यावर, भांडण झाल्यावर, की झोप येत नाही म्हणून? पारखा: शुभवर्तमान काय म्हणतं, ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, काय म्हणते? इथे कार्लो आकुतिस कामाला येतो. १९९१ चा जन्म, संगणकाची विलक्षण आवड, पवित्र साक्रामेंताशी निगडित चमत्कारांची वेबसाइट बनवली, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत जाहीर केलं. संगणक वाईट असं तो मानत नव्हता, पण त्याचा मालक आपण राहायचं एवढी शिस्त त्याच्यात होती. मग कृती: मोजता येईल इतकी लहान, आणि तारीख ठरलेली. 'फोन कमी वापरू' ही कृती झाली नाही. 'पुढच्या बैठकीपर्यंत जेवताना फोन दुसऱ्या खोलीत' ही झाली. पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं याच हिशेबाला.

आता नेहमी येणारे काही प्रश्न.

"देव आहे यावर माझा विश्वासच बसत नाही." हे ऐकून घाबरू नका, आणि आईला सांगू तर मुळीच नका. थोमाने खुणा पाहिल्याशिवाय मानायला नकार दिला होता आणि तरीही तो इतर शिष्यांमध्येच होता. आठ दिवसांनी प्रभू आला तेव्हा तो खोलीत होता. मदर तेरेसांच्या पत्रांतून कळतं की कित्येक वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीव होत नव्हती. शंका घेणाऱ्याला एवढंच सांगा की तू येत राहा.

विज्ञानाचा प्रश्न त्यामानाने सोपा. विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनियन मठवासी. उत्पत्तीचं पुस्तक भौतिकशास्त्राचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचा असं ख्रिस्तसभा सांगत नाही. गटात विज्ञान शिकणारं कुणी असेल तर ही बैठक त्याच्या हाती द्या.

"ख्रिस्तसभेतच मुलांवर अत्याचार झाले, मग आम्हाला नीती कोण शिकवणार?" बचाव करू नका. 'सगळीकडेच होतं' हे उत्तर तर अजिबात देऊ नका. समोर बसलेल्यांपैकी कुणी स्वतः त्यातून गेलेलं असू शकतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये युवकांना लिहिलेल्या 'क्रिस्तुस विविट' या बोधपत्रात याविषयी उघड लिहिलं आणि धर्मगुरू वाट चुकताना दिसला तर त्याला त्याच्या वचनाची आठवण करून द्या, असंही युवकांना सांगितलं. तो भाग गटात वाचा. मग आपल्या धर्मप्रांतात तक्रार कुठे करायची ते पुन्हा एकदा सगळ्यांना सांगा.

"माझं ज्याच्यावर प्रेम आहे तो ख्रिस्ती नाही." हा प्रश्न विचारणारी मुलगी बहुधा घरी रडून आलेली असते. तिला आधी माहिती द्या, कारण घरी तिला निम्मी-अर्धी मिळालेली असते. जोडीदार बाप्तिस्मा न झालेला असेल तर चर्चमधला विवाह वैध होण्यासाठी धर्मप्रांताकडून सूट घ्यावी लागते. दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा असेल तर परवानगी. कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा व संगोपन देण्यासाठी शक्य ते सारं करीन असं वचन द्यायचं असतं. जोडीदाराला या वचनाची कल्पना दिली जाते. त्याने धर्म बदलावा अशी अट कॅनन कायद्यात नाही. पुढचं बोलणं फादरांसोबत, आणि लवकर. लग्नाच्या आदल्या महिन्यात गेलं तर सगळ्यांचीच धावपळ होते.

समलिंगी आकर्षणाबद्दल कुणी विचारलं, किंवा स्वतःबद्दल सांगितलं, तर खोलीतला एखादा विनोदही त्याला कायमचा घालवतो. विवाह स्त्री-पुरुषांमधला असतो आणि लैंगिक संबंध विवाहातच, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती लपवायचं कारण नाही. ख्रिस्तसभेची शिकवण एकत्र मांडणाऱ्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५८ क्रमांकाच्या परिच्छेदात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावं, अन्याय्य भेदभाव टाळावा, असंही लिहिलेलं आहे. अनेकांना पहिला भागच ठाऊक असतो. दोन्ही एकत्र वाचा.

आणि कुणी म्हणालं की जगावंसं वाटत नाही, तर तिथे चर्चा थांबवा. त्या व्यक्तीला बाजूला घ्या आणि सरळ विचारा: आत्महत्येचे विचार येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात घुसत नाहीत. उलट बोलायची वाट मोकळी होते. एकटं सोडू नका. घरच्यांपैकी विश्वासाचं माणूस, डॉक्टर किंवा समुपदेशक, आणि तातडीचं असेल तर हेल्पलाइन. तुमच्या भागातला नंबर आजच फोनमध्ये साठवा. प्रार्थना करा, पण उपचारांऐवजी नाही. 'श्रद्धा कमी पडली' हे वाक्य कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. गटातल्या कुणी घरातलं माणूस असं गमावलं असेल तर त्याला हे जरूर दाखवा: गंभीर मानसिक त्रास माणसाची जबाबदारी कमी करू शकतो आणि अशा मृतांच्या तारणाबद्दल आशा सोडू नये, असं धर्मशिक्षण ग्रंथ २२८२ आणि २२८३ मध्ये सांगतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पुढच्या वेळी बघून येतो" म्हणा आणि खरंच बघून या.

सेवा: फोटोआधी ओळख

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला एका वादसभेत टोमणा बसला: तुमच्या ख्रिस्तसभेने पूर्वी केलं असेल, आज तुम्ही काय करता? त्याने मित्र गोळा केले आणि सिस्टर रोझाली रंद्यू यांच्या मार्गदर्शनाखाली गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. आज जगभर पसरलेली संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी त्यातून उभी राहिली. यात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे घरी जाणं. वाटप म्हणजे रांग, आणि रांगेतल्या माणसाचं नाव कुणाला कळत नाही.

तेव्हा सुरुवात लहान आणि नियमित ठेवा. धर्मग्रामातल्या आजारी, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी फादरांकडे असते. दोघादोघांनी एकेका घरी महिन्यातून दोनदा जायचं, ठरलेल्या वाराला. औषध आणून द्या, अर्ज भरून द्या, नाहीतर नुसतं बसा. वर्षातून एकदा अनाथाश्रमात गाणी म्हणून, मुलांसोबत फोटो काढून परतण्यापेक्षा हे कमी दिसतं आणि जास्त टिकतं. मदत घेणाऱ्यांचे फोटो टाकायचेच नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच करा.

पिएर जॉर्जो फ्रासाती यांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. ट्युरिनच्या एका वृत्तपत्रमालकाचा मुलगा, गिर्यारोहणाचा नाद, मित्रांत खोड्या काढणारा. १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. अंत्ययात्रेला शहरातले गरीब लोटले तेव्हा कुठे घरच्यांना कळलं की हा वर्षानुवर्षं काय करत होता. आकुतिसच्याच दिवशी यांनाही संतपद मिळालं.

मिस्सा आणि वर्षाचं वेळापत्रक

युवकांच्या हाती मिस्सा आली की उत्साहात मर्यादा विसरतात. वाचनं, विश्वासू जनांच्या प्रार्थना, अर्पणाची मिरवणूक, गायन, स्वागत एवढं तुमचं. शुभवर्तमान धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या आधीच्या पायरीचे दीक्षित सेवक) वाचतात आणि प्रवचनही त्यांचंच. युवकांना बोलायचं असेल तर मिस्सानंतर बोलू द्या. वाचणाऱ्याने तीन दिवस आधीपासून मोठ्याने सराव करावा. माईकसमोर पहिल्यांदा उघडलेलं पान ओळखू येतं. सिनेमाच्या चालीवर बसवलेली गाणी शिबिरासाठी ठेवा.

वर्ष आगमनकाळापासून (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळापासून) मोजा, जानेवारीपासून नको. आगमनकाळात गोठ्यासोबत पापनिवेदनाची एक संध्याकाळ. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाची वाट, आणि तिच्या स्थानांवरचं चिंतन मुलांनी स्वतः लिहिलेलं. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून आणि उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून बंधनकारक, हे अनेकांना माहीत नसतं. पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, दृढीकरणाची आठवण. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर सृष्टीसाठीचा काळ. झाड लावलं तर वर्षभर पाणी कोण घालणार ते आधी ठरवा. नोव्हेंबरात ओळीने दोन रविवार येतात: जागतिक गरीब दिन आणि ख्रिस्त राजाचा सण. २०२१ पासून धर्मप्रांतांतला युवा दिन ख्रिस्त राजाच्या सणाला साजरा होतो, त्याआधी तो झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) असे. पहिल्या रविवारी सेवा, दुसऱ्या रविवारी उत्सव, असं जोडून घ्या.

जागतिक युवा मेळाव्याची सुरुवात पोप जॉन पॉल दुसरे यांनी केली. पहिला १९८६ मध्ये झाला. २०२३ मध्ये लिस्बन, पुढचा सेऊलमध्ये ३ ते ८ ऑगस्ट २०२७. सगळ्यांना जाणं परवडत नाही, आणि ज्यांना परवडतं त्यांनीच जायचं हे गटात सलतं. जायचं असेल तर गटाने मिळून एक-दोघांना पाठवा आणि परतल्यावर त्यांच्याकडून सगळ्यांसमोर वृत्तांत घ्या. घरी राहणाऱ्यांसाठी त्याच दिवसांत धर्मप्रांतात काही ठेवलेलं असतं का, तेही विचारा.

पैसा आणि ग्रुप

दोन सह्या, वही, पावत्या, दर तीन महिन्यांनी हिशेब गटापुढे आणि फादरांकडे. कॅनन १२६७ नुसार ज्या कारणासाठी देणगी दिली त्याच कारणासाठी ती वापरायची. पूरग्रस्तांसाठी गोळा केलेले पैसे शिल्लक राहिले म्हणून त्यातून टी-शर्ट छापायचे नाहीत. स्वतःच्या खात्यावर गटाचे पैसे एक दिवसही ठेवू नका.

व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप करा. एकात फक्त सूचना, आणि तिथे लिहिणार ॲनिमेटरच. दुसरा गप्पांसाठी. राजकीय फॉरवर्ड, दुसऱ्या धर्मांची टिंगल आणि 'हे वीस जणांना पाठवा, चमत्कार होईल' हे तिन्ही तिथे बंद. बैठकीला न आलेल्याला ग्रुपवर जाहीर विचारू नका, फोन करा. प्रार्थना किंवा चिंतन एखाद्या एआय साधनाकडून लिहून घ्यायचा मोह होईल. सूचनेचा मसुदा करा खुशाल, पण गटासमोर वाचायची प्रार्थना स्वतःच्या तोडक्यामोडक्या शब्दांत असू द्या. संत, तारखा, बायबलमधले संदर्भ त्याने दिले असतील तर मूळ पुस्तकात तपासा.

सोडायची तारीख

काम हाती घेतानाच ती ठरवा. दोन वर्षं, फार तर तीन. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला दोन सहकारी निवडा, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, आणि त्यांनी बैठक चालवताना तुम्ही मागे बसा. ते अडखळले तर सावरायला धावू नका. संपल्यावर बोला.

एका वहीत हे उतरवून ठेवा: सदस्यांची यादी आणि घरचे नंबर, कुठल्या वृद्धांकडे कोण जातं, हॉल कसा मिळतो, कोणता उतारा कधी घेतला आणि चर्चा कशी झाली, हिशेबाची शिल्लक, संरक्षण धोरणाची प्रत. वही नव्या ॲनिमेटरच्या हातात द्या आणि पहिले तीन महिने बैठकीला जाऊच नका. त्यानंतर गेलात तरी "आमच्या वेळी" ने सुरू होणारं वाक्य टाळा. ग्रुपचं ॲडमिनपद, ईमेलचा पासवर्ड आणि हॉलची किल्ली याच आठवड्यात द्या. किल्ली हमखास खिशात राहते.